‘हिवार’चा हिशेब

एका छोट्या मराठी त्रैमासिकाची जमाखर्चाची वही मी सहा वर्षं सांभाळली. संपादन दुसऱ्यांचं, कविता तिसऱ्यांच्या. माझ्याकडे कागदाची बिलं, टपालाच्या पावत्या, पत्ता बदलला म्हणून परत आलेल्या अंकांचा गठ्ठा आणि ‘आपली वर्गणी संपली आहे’ अशी कार्डं. त्या वहीतले हिशेब, जमा, खर्च, रक्कम, बाकी हे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आले, हे मला फार उशिरा कळलं. छापखान्याकडे द्यायच्या लिखाणाला आपण ‘मजकूर’ म्हणतो, तोही अरबीच. तेव्हा जमाखर्चाचं आणि मजकुराचं नातं नेमकं काय असतं, हे बघायला एका अरबी नियतकालिकाकडे जाण्यात वावगं काही नाही.

त्याचं नाव ‘हिवार’. अर्थ, संवाद. नोव्हेंबर 1962 मध्ये बैरुतला पहिला अंक निघाला. दर दोन महिन्यांनी एक अशा चालीनं ते 1967 पर्यंत चाललं आणि 26-27 या जोडअंकानंतर बंद पडलं. एवढ्याशा आयुष्यात त्यानं अरबीतली एक थोर कादंबरी पहिल्यांदा छापली. अरबी साहित्यजगातला एक मोठा लाजिरवाणा घोटाळाही त्याच्याच नावावर जमा झाला. कारण ‘हिवार’चा पैसा, तीन हात फिरून का होईना, अमेरिकेच्या सीआयएकडून येत होता.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारे ताबडतोब दोनपैकी एका बाकावर जाऊन बसतात. एक म्हणतो, मजकूर चांगला होता ना, मग पैशाचं काय घेऊन बसलात? दुसरा म्हणतो, पैसाच नासका, म्हणजे मजकूरही नासका. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात.

आधी बैरुत. ‘कैरो लिहितं, बैरुत छापतं, बगदाद वाचतं’ अशी अरबी जगात म्हणच आहे. पन्नास-साठच्या दशकांत शेजारच्या देशांत लष्करी उठाव होत होते, वर्तमानपत्रं सरकारजमा होत होती. 1960 साली इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी इजिप्तमधली मोठी वृत्तपत्रगृहं ताब्यात घेतली. 1892 पासून चालत आलेलं जुर्जी झैदान यांचं ‘अल्-हिलाल’ ज्या संस्थेकडे होतं, तीही त्यात गेली. लेबनॉनमध्ये मात्र सेन्सॉर ढिला, छापखाने मुबलक, बँका भरलेल्या, आणि पॅलेस्टाईन, सीरिया, इराकमधून हुसकावले गेलेले किंवा कंटाळून निघालेले लेखक कॉफीहाउसांत बसलेले. मासिक काढायला याहून चांगली जागा नव्हती. पण तिचा एक तोटा होता. बैरुतच्या मासिकाला बैरुतचे वाचक पुरत नसत. वर्गणी यायची कैरोहून, बगदादहून, दमास्कसहून. तिथल्या कस्टम अधिकाऱ्यानं गठ्ठा अडवला की झालं. म्हणजे वाचकाचा स्वच्छ पैसासुद्धा दहा सरकारांच्या मर्जीतून गाळून यायचा. वाचकांच्या जोरावर मासिक चालवा, असं मोघम सांगणाऱ्यांनी हे विसरू नये.

त्या बैरुतमध्ये दोन मासिकांची कुस्ती चालू होती. सुहैल इद्रीस यांनी जानेवारी 1953 मध्ये ‘अल्-आदाब’ सुरू केलं होतं. त्यांचा घोषशब्द ‘इल्तिझाम’, म्हणजे बांधिलकी. फ्रेंच विचारवंत सार्त्र आणि अरब राष्ट्रवाद यांचं मिश्रण. दुसऱ्या बाजूला यूसुफ अल्-खाल आणि अदोनिस यांचं 1957 चं ‘शिअ्र’. शिअ्र म्हणजे कविता. आपला ‘शेर’ याच शब्दाच्या घरातला. त्यांना मुक्तछंद हवा होता, गद्यकविता हवी होती आणि कुठल्याही पक्षाचा झेंडा नको होता. एकानं दुसऱ्याला पाश्चात्त्यांचा हस्तक म्हणायचं, दुसऱ्यानं पहिल्याला प्रचारक. आपल्याकडच्या ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादाचे फड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या भांडणाचा वास ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की बैरुतच्या वादात दोन महासत्तांचे मुनीम मागच्या खोलीत बसून ऐकत होते.

त्यातल्या एका मुनीमाचं नाव ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’. जून 1950 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये स्थापन झालेली, पॅरिसला मुख्यालय असलेली ही संस्था सोव्हिएत प्रभावाविरुद्ध लेखक-विचारवंतांची आघाडी म्हणून उभी राहिली. लंडनचं ‘एन्काउंटर’, पॅरिसचं ‘प्रव्ह’, ऑस्ट्रेलियातलं ‘क्वाड्रंट’ ही तिची मासिकं. 1961 च्या ऑक्टोबरात तिनं रोमला आधुनिक अरबी साहित्यावर परिषद भरवली. अदोनिस, यूसुफ अल्-खाल, इराकचे थोर कवी बद्र शाकिर अल्-सय्याब तिथं होते. सय्याब एकेकाळचे कम्युनिस्ट, त्या सुमाराला कम्युनिस्टांवर चिडलेले. रोममध्ये ते बांधिलकीच्या साहित्यावरच बोलले. वर्षभरात ‘हिवार’ निघालं.

संपादक म्हणून निवड झाली तौफीक सायिग यांची. मला या सगळ्या प्रकरणात हा माणूस सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. 1923 साली जन्मलेला, पॅलेस्टाईनमधल्या तबरिया सरोवराकाठी वाढलेला, प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाचा मुलगा. 1948 मध्ये घर गेलं, गाव गेलं, देश गेला. बैरुतचं अमेरिकन विद्यापीठ, मग हार्वर्ड, ऑक्सफर्ड, केंब्रिज. केंब्रिजला आणि लंडनला अरबी शिकवायची नोकरी. तोवर दोन कवितासंग्रह. गद्यकवितेत त्या वेळी अरबीत इतकं धाडस फार थोड्यांनी केलं होतं. पुढे त्यांनी एलियटच्या ‘फोर क्वार्टेट्स’चा अरबी अनुवादही केला. एक भाऊ यूसुफ नामवंत अर्थतज्ज्ञ, दुसरा अनीस संशोधक आणि कोशकार, आणि तिसरा फायेझ यानं 1965 मध्ये बैरुतमध्येच पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचं संशोधन केंद्र उभं केलं. त्याच शहरात त्याच वेळी धाकटा तौफीक अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या पैशावर मासिक चालवत होता, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं.

सायिग यांनी काहीही लपवलं नव्हतं, हे आधी मान्य करू या. ‘हिवार’ला सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या या जागतिक संघटनेचा आधार आहे, हे अंकातच छापलेलं असायचं. आश्रयदात्याचं नाव होतं. नावामागचं नाव नव्हतं. पॅरिसच्या संस्थेला ‘फारफिल्ड फाउंडेशन’ वगैरे धर्मादाय दिसणाऱ्या न्यासांतून पैसे मिळत, आणि त्या न्यासांना पाणी कुठल्या विहिरीतून येतं हे पॅरिसमधल्या मोजक्या माणसांना माहीत होतं. संपादकाला ते कधीच सांगायचं नाही, हीच तर त्या योजनेची मेख. ज्याला ठाऊक नाही त्याचा प्रामाणिकपणा अस्सल असतो, आणि अस्सल प्रामाणिकपणा बाजारात मिळत नाही. तो असा फसवून वापरावा लागतो.

आणि मासिक खरोखर चांगलं होतं. लेखकांना बरं मानधन मिळायचं. अरबी लेखकांना तेव्हा मासिकाकडून असं नियमित मानधन मिळण्याची सवयच नव्हती (आपल्या लेखकांना अजून नाही). मुखपृष्ठं, मांडणी नीटस. सय्याब आजारी पडले, पाय लुळे पडत चालले, तेव्हा इंग्लंडमधल्या उपचारांसाठी त्यांना या काँग्रेसचीच मदत झाली, आणि परतल्यावर बसऱ्याहून त्यांनी ‘हिवार’साठी वार्तापत्रं लिहिली. डिसेंबर 1964 मध्ये ते कुवेतच्या रुग्णालयात वारले. त्या माणसाला कुणी सांगावं की तुझ्या औषधाचा पैसा अमुक खात्याचा होता, तो नाकारायला हवा होतास? माझी छाती होणार नाही.

मग 1966. त्या वर्षी ‘हिवार’नं एका सुदानी लेखकाची अख्खी कादंबरी छापली. लेखक तय्यिब सालिह, कादंबरी ‘मौसिम अल्-हिज्रा इला अल्-शमाल’, उत्तरेकडे स्थलांतर करण्याचा ऋतू. लंडनला जाऊन अर्थशास्त्रज्ञ झालेला मुस्तफा सईद, साम्राज्यानं घडवलेला आणि साम्राज्याचा सूड उगवायला निघालेला, पुढे नाईलच्या काठच्या एका खेड्यात गुपचूप येऊन राहतो. त्याच्या घरात एक कुलूपबंद खोली असते. तो गेल्यावर कथन करणारा ती उघडतो तर आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पुस्तकं, सगळी इंग्रजी. अरबी एकही नाही. कुराणसुद्धा इंग्रजी.

वसाहतवादानं माणसाच्या आत काय करून ठेवलं याचं याहून भेदक चित्र अरबीत क्वचितच असेल. आणि ते छापलं गेलं कुठं, तर अशा मासिकात, ज्याच्या स्वतःच्या घरात एक कुलूपबंद खोली होती. मजकूर नासका म्हणणाऱ्यांना माझं उत्तर ही कादंबरी आहे. तिच्या एका ओळीवरही वॉशिंग्टनचा डाग नाही. उलट वॉशिंग्टनला परवडणार नाही असंच तिच्यात बरंच आहे. गंमत म्हणजे तय्यिब सालिह तेव्हा बीबीसीच्या अरबी विभागात नोकरीला. ती सेवा 1938 पासून चालू, ब्रिटिश सरकारच्या उघड पैशावर. त्याबद्दल त्यांना कुणी देशद्रोही ठरवल्याचं माझ्या वाचनात नाही. का? कारण रेडिओ लावणाऱ्याला ठाऊक असायचं की आपण कुणाचं ऐकतो आहोत. तो कानावर एक गाळणी लावून ऐकायचा. ‘हिवार’च्या वाचकाकडून ती गाळणी काढून घेतली होती.

इथं पहिल्या बाकावरचे लोक जोरात बोलू लागतात. त्यांचा बचाव असा की पैसा देणाऱ्यांनी कधी ढवळाढवळ केलीच नाही. एक तर ते पुरतं खरं नाही. 1958 मध्ये अमेरिकन समीक्षक ड्वाइट मॅकडोनाल्ड यांचा अमेरिकेवर कोरडे ओढणारा लेख ‘एन्काउंटर’नं आधी घेतला आणि मग नाकारला, हे जगजाहीर आहे. आणि खरं असलं तरी काय? ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण जुन्या, भाबड्या आश्रयदात्यांसाठी ठीक होती. या नव्या यजमानानं टाळीची अटच ठेवली नाही. त्यानं फक्त पंगतीत कुणाला बसवायचं ते ठरवलं. संपादक निवडला तिथंच निम्मं संपादन झालं. ज्याला पक्षीय बांधिलकीचा तिटकारा आहे, ज्याला वैयक्तिक जाणिवेची कविता मोठी वाटते, असा माणूस बघून ठेवला की त्याला सूचना देण्याची गरज काय? तो मनापासून तेच करणार. त्याचं मन त्याचंच असतं. पण त्या मनाच्या हाती दिलेला कर्णा विकत घेतलेला असतो. शेजारी तितकाच प्रामाणिक दुसरा माणूस कर्ण्यावाचून घसा खरवडत उभा असतो. खोट इथं आहे. छापलेल्या पानांमध्ये ती शोधून सापडत नाही.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात. एप्रिल 1966 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं सीआयएवर लेखमाला छापली, तिच्यात या काँग्रेसचं नाव आलं. कैरोत तर संशय आधीपासून होताच. ‘हिवार’नं 1965 सालचं कथेचं पारितोषिक इजिप्तचे कथाकार यूसुफ इद्रीस यांना देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं होतं. इजिप्तनं मासिकाला दार बंद केलं. सायिग तरीही वर्षभर चिवटपणे अंक काढत राहिले, कारण त्यांचा विश्वास होता. मे 1967 मध्ये पॅरिसमध्ये काँग्रेसच्या सभेत सीआयएच्या पैशाची कबुली झाली. त्याच महिन्यात सीआयएचे माजी अधिकारी टॉम ब्रेडन यांनी ‘आम्ही केलं, बरं केलं’ या थाटाचा लेख अमेरिकेत छापला. स्टीफन स्पेंडर आणि फ्रँक करमोड हे संपादक ‘एन्काउंटर’मधून बाहेर पडले. सायिग यांनी ‘हिवार’ बंद केल्याचं जाहीर केलं. काही आठवड्यांत जूनचं सहा दिवसांचं युद्ध झालं, पूर्व जेरुसलेम आणि पश्चिम किनारा गेला, आणि एका मासिकाच्या मरणाकडे बघायला कुणाला फुरसत उरली नाही.

लंडनमध्ये स्पेंडर यांची बदनामी झाली, चार दिवस जेवणावळींत कुजबुज झाली, आयुष्य पुढे चाललं. पॅलेस्टिनी निर्वासिताला ती सोय नव्हती. ज्या देशाच्या पाठिंब्यावर आपलं गाव हिसकावलं गेलं असं त्याचे सगळे लोक मानतात, त्या देशाच्या हेरखात्याचा माणूस म्हणून त्याच्याकडे बघितलं जाणार होतं. सायिग अमेरिकेत गेले, बर्कलीला शिकवू लागले, आणि जानेवारी 1971 मध्ये तिथंच हृदयविकारानं वारले. सत्तेचाळीस वर्षांचे होते. गुप्त पैशाचा भुर्दंड नेहमी ज्याला गुपित माहीत नाही त्यालाच बसतो. ज्यांनी ते रचलं त्यांची पेन्शन सुरळीत चालू राहते.

आता दुसऱ्या बाकाकडे वळतो, कारण तिथंही सोवळं फार कडक आहे. ‘हिवार’ला गद्दार ठरवणाऱ्यांच्या स्वतःच्या वह्या किती स्वच्छ होत्या? 1968 मध्ये आफ्रो-आशियाई लेखक संघटनेचं ‘लोटस’ निघालं. अरबी, इंग्रजी, फ्रेंच अशा तीन भाषांत, आधी कैरोहून. पाठीशी इजिप्त, सोव्हिएत युनियन, पूर्व जर्मनी. छपाईचा मोठा भार पूर्व जर्मनीनं उचललेला. पहिले संपादक यूसुफ अल्-सिबाई इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांच्याबरोबर जेरुसलेमला गेले म्हणून फेब्रुवारी 1978 मध्ये निकोसियात त्यांची हत्या झाली. मग फैज अहमद फैज बैरुतला येऊन संपादक झाले आणि 1982 मध्ये इस्रायली फौजा येईपर्यंत तिथं होते. सोव्हिएत युनियन कोसळलं तसं ‘लोटस’ही गेलं. त्यात पॅलेस्टिनी कवी महमूद दरवेश होते, थोर लेखन होतं. पण 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले, त्यावर त्याची वाचा बसली होती.

तरी माझं मत विचाराल, तर ‘लोटस’चा पैसा ‘हिवार’च्या पैशापेक्षा कमी घातक होता. वाङ्मयीन दर्जात मी ‘हिवार’ला वरचढ मानतो, आणि मॉस्कोबद्दल मला काडीचं प्रेम नाही, तरीही. ‘लोटस’ हाती घेणाऱ्या शाळकरी पोरालाही कळत होतं की हे कुणाच्या अंगणातलं कमळ आहे. तो वाचताना सूट धरून वाचत होता. कुवेत सरकारच्या माहिती खात्यानं डिसेंबर 1958 पासून काढलेलं ‘अल्-अरबी’ घ्या. तेलाच्या पैशामुळे ते इतकं स्वस्त की मोरोक्कोपासून इराकपर्यंत घराघरांत पोचलं. पहिले संपादक अहमद झकी हे इजिप्तचे वैज्ञानिक. विज्ञान, प्रवास, इतिहास, झकास छायाचित्रं. एका अख्ख्या पिढीचं सामान्यज्ञान त्या मासिकानं घडवलं. कुवेतच्या राजघराण्याची चिरफाड त्यात मिळणार नाही, हे वाचक गृहीत धरून चालायचा. उघड मिंधेपणाला उतारा असतो. वाचकाचा संशय, हाच तो उतारा. गुप्त मिंधेपणा तो उताराच पळवतो, आणि उघडकीला आला की सगळा संशय एकदम अंगावर येतो, निर्दोष पानांवरसुद्धा. ‘हिवार’नंतर अरबी जगात जो कुणी बांधिलकी नाकारून प्रयोगशील लिहील, त्याच्याकडे ‘याला कोण पोसतो?’ म्हणून बघायची सोय झाली. सीआयएनं ज्या प्रकारच्या साहित्याला बळ द्यायचं ठरवलं होतं, त्याच साहित्याची पत अशी तिनं घालवली.

पैशाचा आरोप हत्यार म्हणून कसा चालतो, याचं आणखी जुनं उदाहरण कैरोचं आहे. इजिप्तचे थोर लेखक ताहा हुसेन यांनी ऑक्टोबर 1945 मध्ये ‘अल्-कातिब अल्-मिस्री’ काढलं. खर्च करणारे हरारी हे कैरोतलं ज्यू कुटुंब, छपाई आणि कार्यालयीन यंत्रांच्या धंद्यातलं. आंद्रे जीद, सार्त्र यांना अरबीत आणणारं ते मासिक. ‘इल्तिझाम’ या शब्दाचं हे नवं नाणंही तिथंच पडलं. मालक ज्यू म्हणून झायोनिस्ट पैशाचा आरोप होत राहिला, आणि मे 1948 मध्ये, पॅलेस्टाईनचं युद्ध पेटलं तेव्हा, मासिक मिटलं. इथं मालकाचं नाव उघड होतं, खोलीला कुलूप नव्हतं. तरी गेलं. तेव्हा उघडपणा म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, हेही नमूद करून ठेवतो. मासिक जगेल याची हमी त्यात नाही. पण ऐंशी वर्षांनी तो आरोप तपासायला बसलं, तर ताहा हुसेन यांच्या बाजूनं बोलायला कागद सापडतात. सायिग यांच्या बाजूनं बोलायचं तर त्यांच्या फसवल्या गेल्याचेच पुरावे पुढे ठेवावे लागतात.

या गोष्टीचं एक टोक मुंबईत आहे. याच काँग्रेसच्या भारतीय शाखेची पहिली परिषद मार्च 1951 मध्ये मुंबईत भरली, आणि 1955 मध्ये इथून ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक निघालं. पहिले संपादक निस्सीम इझिकेल. पुढे संपादकांत अ. भि. शहा, हमीद दलवाईंचे सहकारी, इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. म्हणजे ‘हिवार’ आणि ‘क्वेस्ट’ ही नात्यानं भावंडं, एकाच कुळाची. 1967 च्या बातमीनं ‘हिवार’ मेलं, ‘क्वेस्ट’ मात्र तगलं. ते बंद पडलं आणीबाणीत, देशी सेन्सॉरपुढे; आणि 1977 मध्ये ‘न्यू क्वेस्ट’ म्हणून पुन्हा उभं राहिलं. पुढे त्याचं संपादन दिलीप चित्रे यांनीही केलं. बैरुतमध्ये जे जमलं नाही ते इथं का जमलं? माझा अंदाज असा की मुंबईच्या इंग्रजी वाचकाला अमेरिकेबद्दल राग असला तरी त्याचं घर कुणी हिसकावलं नव्हतं. सीआयए ही त्याच्यासाठी बातमी होती, सायिगच्या वाचकासाठी ती जखम होती. शिवाय ज्यांनी सीआयएच्या पैशाचं पाप केलं असं आपण म्हणतो, त्यांच्यातलेच काही आणीबाणीत ताठ उभे राहिले आणि पुष्कळ पुरोगामी, स्वच्छ हातांचे, वाकले. हिशेबाच्या वहीत हे कुठल्या रकान्यात मांडायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज अरबी साहित्यात पैसा आखाताचा आहे. मासिकांपेक्षा पुरस्कारांतून येतो. अबू धाबीचा पैसा आंतरराष्ट्रीय अरबी कादंबरी पुरस्कारामागे उघड आहे, आणि म्हणून त्यावर उघड भांडता येतं. 2021 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांनी अबू धाबीचाच शेख झायेद पुरस्कार आधी स्वीकारून मग नाकारला, कारण देणाऱ्याची राजवट त्यांना दिसत होती. 2003 मध्ये कैरोत इजिप्तचे कादंबरीकार सोनअल्ला इब्राहीम यांनी सरकारी कादंबरी पुरस्कार घ्यायला व्यासपीठावर जाऊन, मंत्र्यांच्या समोर, तो नाकारला. नकार द्यायला देणाऱ्याचा चेहरा लागतो. सायिग यांना तो चेहराच दाखवला गेला नव्हता.

‘अल्-आदाब’नं तिसरी वाट धरली होती, तिच्याकडे आपण नीट बघायला हवं. सुहैल इद्रीस यांनी 1956 मध्ये ‘दार अल्-आदाब’ हे प्रकाशनगृह काढलं. पुस्तकांच्या विक्रीवर मासिकाचा तोटा पेलायचा. ‘सत्यकथा’ आणि मौज यांचं गिरगावातलं नातं आठवतं की नाही? ‘सत्यकथा’ 1982 ला थांबली. ‘अल्-आदाब’ साठ वर्षं कागदावर टिकलं, 2012 मध्ये थांबलं, आणि काही वर्षांनी सुहैल यांचे चिरंजीव समाह यांनी ते इंटरनेटवर पुन्हा सुरू केलं. बापलेकांच्या मतांशी माझं फारसं जमणार नाही. पण त्यांच्या मासिकाचा तोटा कोण भरतो, ते दुकानात जाऊन बोट लावून दाखवता येत होतं.

आपल्याकडे प्रश्न परकीय हेरांचा नाही. आपल्याकडे दिवाळी अंकाच्या मलपृष्ठाचा आहे, बिल्डरांच्या आणि सहकारी बँकांच्या शुभेच्छा-जाहिरातींचा आहे, ‘एका हितचिंतकाकडून’ अशा नोंदीचा आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाचं अनुदान घेणाऱ्या अंकात एक बारीक ओळ असते: मंडळानं अनुदान दिलं आहे, पण लेखकांच्या विचारांशी मंडळ व शासन सहमत असेलच असं नाही. तिला सगळे हसतात. मी हसत नाही. महाराष्ट्रातल्या नियतकालिकांत छापली जाणारी ती सगळ्यात प्रामाणिक ओळ असावी. माझी मागणी एवढीच की ती ओळ लांबवा. वर्षातून एकदा, एक पान. वर्गणी किती, जाहिराती किती, सगळ्यात मोठा जाहिरातदार कोण, देणगी कुणाची. आणि देणारी संस्था असेल तर तिला कोण देतं, तेही. ‘हिवार’चा धडा याच शेवटच्या रकान्यात आहे, पहिल्या नावावर थांबलात तर सायिग यांनीही ते छापलंच होतं. ज्या देणगीदाराला हा प्रश्न विचारला की राग येतो, त्याचा धनादेश परत करावा. जाहिरात जाईल, अंक आठ पानांनी बारीक होईल, होऊ दे.

सोपं नाही, मला ठाऊक आहे. आमच्या त्रैमासिकाला एकदा एका ट्रस्टनं घसघशीत देणगी देऊ केली, नाव छापू नका एवढीच अट. संपादकांना वाटलं हा विनय. मी आडवा पडलो, तीन महिने आमचं बोलणं बंद होतं. शेवटी देणगी घेतली नाही. पुढचा अंक जोडअंक काढावा लागला आणि लेखकांचं मानधन दोन वर्षं थकलं. एका कवयित्रीनं मला तोंडावर सांगितलं, तुमच्या तत्त्वाचे पैसे आम्ही भरतो. बरोबर होतं तिचं. त्याच वर्षी आम्ही शेवटच्या पानावर संपूर्ण जमाखर्च छापायला सुरुवात केली, टपालखर्चासकट. कुणी वाचणार नाही अशी माझी खात्री होती. पंधरा दिवसांत साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षकाचं कार्ड आलं. खर्चाच्या बाजूची बेरीज अकरा रुपयांनी चुकली होती.